साखर, सालदार आणि मी

आमच्या वऱ्हाडात मधुमेह 'होत' नाही, शुगर 'निघते'. विहिरीला पाणी निघावे, जुन्या वाड्याच्या भिंतीत मोहरांचा हंडा निघावा, तशी माणसाला शुगर निघते. "गुरुजीले शुगर निघाली म्हनते!" ही बातमी आमच्या इंझोरीत बसस्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंत जायला बशीतला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. मला स्वतःला हा शब्दप्रयोग फार आवडतो. 'झाली' म्हटले की कशाने झाली, कोणी केली, अशा चौकशा सुरू होतात. 'निघाली' म्हटले की प्रश्नच मिटला. ती आत होतीच. डॉक्टरांनी खणले, ती निघाली. आपण आपले काठावर उभे होतो.

मला ती निघाली त्रेसष्टाव्या वर्षी, आणि तीही माझा काही संबंध नसताना. कारंजाला गेलो होतो ते सौ.चे गुडघे दाखवायला. गुडघे दाखवून झाले, गोळ्या लिहून झाल्या, आणि डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, आलाच आहात तर तुमचंही रक्त देऊन टाका." देवळात आलाच आहात तर पेटीत चार आणे टाका, अशा सुरात. पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस. अचानक घेतलेल्या परीक्षेचा निकाल काय लागतो, हे मला कोणी सांगायला नको. "पुढच्या सोमवारी देतो," असे म्हणून मी आठ दिवसांची मुदत मिळवली आणि घरी येऊन अभ्यासाला लागलो.

आठ दिवस सकाळी कारल्याचा रस, वर मेथीदाणे, दुपारी जांभळाच्या बियांची पूड आणि रात्री नुसते ताक. चहा बिनसाखरेचा. टपरीच्या दिशेने मान वळवायची नाही. इतका सोज्वळ झालेला नवरा सौ.ने आयुष्यात पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने हळूच विचारले, "कोणाले पैसे-बिसे तं नाई देऊन बसले?"

सोमवारी रक्त दिले, संध्याकाळी निकाल आला. उपाशीपोटीची साखर अगदीच वाईट नव्हती. पास झालेल्या पोरासारखा मी खिशात हात घालून उभा राहिलो. तेवढ्यात डॉक्टरांनी कागदाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवले. तिथे 'एचबीएवनसी' असे काहीतरी लिहिलेले होते. ते म्हणाले, "गुरुजी, रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण एकशेवीस दिवस जगतात. तेवढ्या दिवसांत रक्तात जी साखर फिरते, ती त्यांना चिकटत जाते. हा तुमचा मागच्या तीन महिन्यांचा हिशेब. साडेसहा किंवा त्याच्या वर गेला की मधुमेह म्हणतात. तुमचा आठ पूर्णांक चार आहे."

म्हणजे मी तयारी केली होती घटक चाचणीची आणि हातात पडले ते वार्षिक प्रगतिपुस्तक! 'बाबांनो, आदल्या रात्री घोकून काही होत नाही, वर्षभर काय केलं ते दिसतं,' हे वाक्य मी पस्तीस वर्षांत किती पोरांना ऐकवले असेल याची गणती नाही. त्यातला एकजण तरी पुढे डॉक्टर होणार आणि तपासण्या काढणार, हे मला समजायला हवे होते.

घरी आल्यावर, ही साखर कोणामुळे, यावर बैठक बसली. सौ.चे म्हणणे पडले की दोष माझ्या घराण्यात आहे. मी म्हणालो, "आमच्या घराण्यात कोणालाच नव्हती." ती म्हणाली, "तपासली कोनं होती?" यावर मी आजोबांचे उदाहरण काढले. आमचे आजोबा शेतातल्या जेवणाला अकरा रोडगे खायचे. रोडगा म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवे: कणकेचा हा गोळा गोवऱ्यांवर भाजतात, फोडून तुपात बुडवतात आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातात. दोन खाल्ले की सामान्य माणसाला झाडाखाली आडवे व्हावे लागते. अकरा रोडगे खाणारे आजोबा ऐंशी वर्षे जगले, मग मीच काय पाप केले? या युक्तिवादावर मी खूश होतो. पण सौ.ची स्मरणशक्ती गुडघ्यांत नाही. ती म्हणाली, "आबाजी पोहरादेवीच्या जत्रेले पायी जात होते न् पायीच येत होते. तुमी?"

मी बसस्टँडवर मोटारसायकलने जातो. बसस्टँड आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. मोटारसायकल गोठ्याच्या बाजूने फिरवून अंगणाबाहेर काढावी लागते, त्यात तीस-चाळीस पावले होतात. तेवढाच माझा व्यायाम.

बैठकीत निर्णय काही झाला नाही. अशा बैठकांत होतही नाही. माझी साखर मात्र सगळ्यांनी वाटून घेतली. सौ.ने पथ्य घेतले. पुण्यातल्या चिरंजीवांनी यंत्रसामग्री घेतली. सूनबाईंनी रोज सकाळी फोनवर सुविचार पाठवण्याचे काम घेतले. शेजारच्या काकूंनी कारंजाच्या गुरुमंदिरात जाऊन नवस बोलून घेतला, "गुरुजीची साखर उतरू दे, पाच किलो पेढे वाटीन." त्या पेढ्यांतला पहिला कोणाच्या हातावर पडणार, याचा विचार काकूंनी केला नव्हता, मी केला होता. इतक्या लोकांनी काम वाटून घेतल्यावर माझ्याकडे फक्त आजारी असण्याचे काम उरले, आणि ते मी मन लावून करू लागलो.

शिवाय मी एकटा नव्हतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे रोगी दहा कोटी दहा लाख, आणि दारात येऊन उभे असलेले आणखी तेरा कोटी साठ लाख. हे वाचल्यावर मला फार बरे वाटले. नापास झालेल्या पोराला सगळा वर्ग नापास झाल्याचे कळल्यावर जसे वाटते, तसे.

आता माझ्या पिढीची एक अडचण आहे, ती इथेच सांगून टाकतो. आमच्या लहानपणी रोग बाहेरून यायचे आणि त्यांना हाकलणारा माणूसही बाहेरूनच यायचा. माझ्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचे दोन वण अजून आहेत. टोचणारा आला की आम्ही गोठ्यात लपायचो, बाप कानाला धरून बाहेर काढायचा, की झाले काम. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही आणि १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला. त्यात माझा सहभाग गोठ्यात लपण्यापुरता. हिवतापाचा माणूस यायचा, घरात कोणाला ताप आहे का विचारायचा आणि भिंतीवर तारीख लिहून जायचा. त्या तारखा पाहून आम्हाला वाटायचे, घर आता बिनघोर झाले. प्रकृती ही रेशनच्या रॉकेलसारखी कोणीतरी घरपोच आणून द्यायची वस्तू आहे, असा आमचा समज झाला तो तेव्हापासून.

फक्त नारूचे तसे नव्हते. नव्या पिढीला नारू ठाऊक नाही, हे तिचे भाग्य. पायविहिरीत पाय बुडवून पाणी भरले जायचे, त्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक जीव, त्यांच्या पोटात नारूचे पिल्लू. पाणी प्यायले की वर्षभराने माणसाच्या पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. त्याला काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सुजून ढोल. या रोगावर लस नव्हती आणि औषधही नव्हते. मोठमोठ्या डॉक्टरांकडे सांगण्यासारखे होते ते एवढेच की पायविहिरीत उतरू नका, हातपंपाचे पाणी प्या आणि पाणी गाळून घ्या. माझ्या आईला अक्षर ओळखत नव्हते, पण तिच्या घागरीच्या तोंडावर दुहेरी फडके कायम असायचे. एकदा खेळून आलो आणि ओंजळीने न गाळलेले पाणी प्यायलो, तर तिने माझ्या तोंडात बोटे घालून ते ओकायला लावले. मला वाटायचे, आईला उगीच संशय घ्यायची सवय आहे. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले तेव्हा आई नव्हती. फडके बरीच वर्षे खुंटीला होते. पुढे नळ आल्यावर सौ.ने त्याने सायकल पुसली.

असो. सौ.च्या पथ्याकडे वळू.

पथ्यात पहिली आली ज्वारीची भाकर. आमच्या लहानपणी गव्हाची पोळी सणाला आणि ज्वारीची भाकर रोज, हा नियम. पुढे शेतात सोयाबीन आले, ज्वारी मागे पडली, आणि घरोघरी रोज पोळी होऊ लागली. भाकर खाणारा गरीब ठरला. मग २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि ज्वारीला असे दिवस आले की चिरंजीव पुण्याहून ज्वारीचे कुरमुरे रंगीत पाकिटातून मला पाठवू लागले. जिथे पिकते तिथे! मी भाकरीवर राजी होतो, कारण भाकरीने साखर वाढत नाही असे मला कोणीतरी सांगितले होते. म्हणून मी चार खायचो. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, पोळीपेक्षा भाकर बरी हे ठीक, पण चार भाकरींत जे पीठ आहे ते पीठच आहे. ज्वारी आहे म्हणून ते लाजून बाहेर थांबत नाही."

मग मी शास्त्राकडे वळलो. महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास आहाराचे दोन पंथ झाले होते हे वाचकांना आठवत असेल. आमच्या नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत, दिवसातून दोनदाच खा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर सांगत, थोडे थोडे पण ठरावीक वेळाने खा, घरचे खा, तुपाला भिऊ नका. घराघरांत तट पडले, लग्नाच्या पंगतीत हमरीतुमरी झाली. दोघांनीही आपापल्या परीने विचार करून सांगितले होते. मी दोघांचाही मान राखला. दीक्षितांप्रमाणे दोन वेळा पोटभर जेवलो, आणि दिवेकरांप्रमाणे मधल्या वेळात दर दोन तासांनी खाल्ले. तीन महिन्यांत माझे वजन अडीच किलोंनी वाढले. दोन्ही पद्धतींत काही दम नाही, असे मी बसस्टँडवर जाहीर केले.

बसस्टँडवरच्या टपरीचा उल्लेख दोनदा आला, तेव्हा तिच्याविषयीही सांगावे लागेल. तिथे आलूबोंडा मिळतो, तर्रीपोहे मिळतात, चहा मिळतो आणि पन्नीत घोटलेला खर्रा मिळतो. मी खर्रा खात नाही. या एका पुण्यावर मी बाकीची सगळी पापे खपवत आलो. माझा शाळासोबती भाऊ हा माझा तिथला भागीदार. सारे गाव त्याला भाऊ म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्याला शुगर निघून दहा वर्षे झालेली. त्यामुळे माझ्याकडे तो, नवीन भरती झालेल्या शिपायाकडे जमादार पाहतो तसा पाहायचा. "काई होत नाई, मास्तर," तो सांगायचा. "एक गोळी जास्त घ्याची, न् एक बोंडा जास्त खायाचा. हिशेब बरोबर."

चरकाने या प्रकाराला नाव ठेवलेले आहे: प्रज्ञापराध. माणसाची बुद्धी, धीर आणि आठवण यांतले काहीतरी घसरले की कळत असूनही तो नको ते करतो आणि रोग ओढवून घेतो, असा त्याचा अर्थ. मी वर्गात संस्कृतही शिकवले असल्याने हा शब्द मला ठाऊक होता. बुद्धी माझी शाबूत होती. धीरही बऱ्यापैकी. आठवण मात्र तळणीचा वास आला की जायची, आणि तोंड पुसताना परत यायची.

याच सुमारास चिरंजीवांची यंत्रसामग्री आली. मनगटी घड्याळ. हे वेळ सांगते, ते सोडा. आपण किती पावले चाललो, किती झोपलो, छाती किती वेळा धडधडली, हे सगळे ते मोजते आणि फोनमार्फत पुण्याला कळवते. म्हणजे मनगटावर बांधलेला केंद्रप्रमुखच! चिरंजीवांचा हुकूम होता, रोज दहा हजार पावले. दहा हजारच का, असे मी विचारले तर म्हणाले, शास्त्र आहे. मी मास्तर, मी शोध घेतला. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक झाले, लोकांना चालण्याचा नाद लागला, आणि १९६५ साली एका जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा दिसायला छान, म्हणायला सोपा. शास्त्र मागून आले. जागतिक आरोग्य संघटना पावले मोजत बसत नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे जरा दम लागेल असे चाला, म्हणते. हे सगळे मी चिरंजीवांना फोनवर सविस्तर सांगितले. ते म्हणाले, "बाबा, छान. आज तुमची चारशे बारा झाली आहेत."

मग मी तो उपाय केला. आमच्याकडे सालदार आहे. चार एकर शेत, दोन बैल आणि मी, असे तिघे तो सांभाळतो. एके संध्याकाळी मी घड्याळ त्याच्या मनगटावर बांधले आणि म्हणालो, "वापरून पाय, चांगलं हाय." सकाळी तो आला की घड्याळ काढून मी बांधायचे, फोन जवळ ठेवायचा, की रात्रभराची पावले गुपचूप पुण्याला जात. पहिल्या दिवशी चौदा हजार. दुसऱ्या दिवशी एकोणीस हजार. चिरंजीवांनी आनंदाने सूनबाईंना सांगितले, सूनबाईंनी सौ.ला, आणि सौ. माझ्याकडे आधी कौतुकाने, मग संशयाने पाहू लागली. कारण तिच्या डोळ्यांसमोर मी खाटेवरून उठलो नव्हतो. पाचव्या दिवशी सव्वीस हजार झाली आणि चिरंजीवांचा घाबरा फोन आला.

"बाबा, तुम्ही रात्री दोन ते पहाटे पाच सारखे चालत होता! झोप लागत नाही का? काही टेन्शन आहे का? मी डॉक्टरांना फोन करतो."

आता याला काय सांगणार? शेतीपंपाची लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती. हरभऱ्याला ओलीत चालू होते. सालदार रात्रभर कंदील घेऊन दांडातून फिरत होता, आणि इकडे खाटेवर माझी प्रकृती सुधारत होती.

डॉक्टरांना फोन गेलाच. ते काही रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, सालदाराची साखर उत्तम असेल. तुमची केव्हा तपासायची?" आणि मला एक पुस्तक वाचायला दिले, डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. मराठी घरांत हे पुस्तक सहसा रोग्याला भेट म्हणूनच येते, आणि ते हातात पडले की माणूस समजून जातो. गडचिरोलीसारख्या भागात लोकांच्या आरोग्यासाठी झटणारा हा डॉक्टर. त्यालाच १९९५ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. मग त्याने स्वतःचे खाणे, चालणे, झोप, चिडचीड, सगळे रोग्यासारखे नव्हे तर तपासनिसासारखे तपासले आणि बदलले. मी ते पुस्तक दोन दिवसांत संपवले. फार आवडले. खाटेवर पडून वाचले. उशाशी चिवडा होता.

आणि मग भाऊ टपरीवर दिसेनासा झाला.

पहिले आठ दिवस मला वाटले, मुलीकडे गेला असेल. मग कळले, अकोल्याला दवाखान्यात आहे. तीन आठवड्यांनी परत आला तेव्हा मी भेटायला गेलो. अंगणात बाजेवर बसला होता, उजव्या पायाला पांढरे बांधलेले. चेहरा तोच, आवाज तोच. "ये मास्तर. एक बोट कमी झालं. आता चप्पल लहान लागन, पैसे वाचले."

मी हसलो. हसायलाच हवे होते. मग त्याने सांगितले. "काटा बाभयीचा होता. चपलीतून आरपार. दोन दिवस घेऊन हिंडलो, मले ठावकच नाई. सांजीले पाय धुताना नातीनं पायलं. म्हने, आबा, पायाले रक्त कायचं? दुखलं असतं तं त्याच दिवशी काढला असता ना, मास्तर. दुखलंच नाई." थोडा थांबून म्हणाला, "लहानपनी काटा रुतला तं गावभर बोंबलत होतो आपन. चांगलं होतं ते."

डॉक्टरांनी मला हे सगळे आधी सांगितले होते. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पायाच्या नसा मरत जातात, संवेदना जाते, जखम कळत नाही आणि भरतही नाही. मी मान डोलावली होती. शाळेत मागच्या बाकावरची पोरे डोलावतात, तशी.

भाऊ म्हणाला, "तुये पाय दाखव."

"कायले?"

"दाखव ना बे. तिथं मले शिकवलं त्यायनं."

त्याने नातीकडून केरसुणीची एक काडी मागवली. मला डोळे मिटायला लावले. पाय बाजेवर ठेवून मी बसलो. काडी टोचली की 'हो' म्हणायचे. टाचेला टोचली, हो. अंगठ्याला, हो. तळव्याच्या मधोमध, हो, गुदगुल्याही झाल्या. उजवा पाय पास झाला. डावा घेतला. टाच, हो. अंगठा, हो. मग बराच वेळ काही नाही. नात खुदकन हसली आणि गप्प झाली.

मी म्हणालो, "लाव ना, काय पायतं?"

"लावली हाय, मास्तर," भाऊ म्हणाला.

डोळे उघडले. काडी डाव्या करंगळीच्या खाली टेकलेली होती. इतकी की थोडी वाकली होती.

भाऊने काडी टाकून दिली. आम्ही दोघांनी मग यंदाच्या तुरीच्या भावावर बरेच बोलून घेतले.

त्या रात्री सौ. झोपल्यावर मी तिचा हातआरसा घेतला आणि दिव्याखाली बसून स्वतःच्या तळव्याकडे पाहिले. आपला तळवा आपल्याला आरशाशिवाय धड दिसत नाही, ही गोष्ट मला त्रेसष्ट वर्षांत ठाऊक नव्हती. करंगळीखाली काही नव्हते. साधी कातडी. मी बोटाने दाबली. बोटाला तळवा कळत होता, तळव्याला बोट कळत नव्हते. किती वेळ तसा बसलो कोण जाणे. सौ.ने कूस बदलली, एक डोळा उघडला आणि विचारले, "या वयात पायाले पावडर लावून रायले का?"

मी काही सांगितले नाही. सकाळी सांगितले. ती काही बोलली नाही, उठली आणि परसात जाऊन उगीच भांडी घासू लागली. तिचे गुडघे त्या दिवशी दुखत होते, तरी.

कारंजाला जाऊन आलो. डॉक्टरांनी त्यांच्या पद्धतीने तपासले, काडीऐवजी नायलॉनचा तंतू, एवढाच फरक. ते म्हणाले, गेलेली संवेदना परत येईलच असे सांगता येत नाही; पण आहे ती राखता येईल. रोज पाय पाहा, अनवाणी फिरू नका, गोळ्या वेळेवर घ्या, चाला. यातले काहीही दुसऱ्याच्या मनगटावर बांधण्यासारखे नव्हते.

आता सकाळी सहाला मी निघतो. माझ्या चालण्याचा वेग सांगायचा तर मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी आमची शकुंतला गाडी आठवा. ती बंद पडूनही वर्षे झाली. पण धावत होती तेव्हाही लोक मधेच उतरून बोरे तोडून पुन्हा चढायचे म्हणतात. भाऊच्या घरापाशी थांबतो. तो काठी घेऊन, पायात तो दवाखान्यातला जाड तळाचा बूट घालून येतो. नाल्याच्या पुलापर्यंत जायचे, कठड्याला टेकून दम घ्यायचा, परत यायचे. वाटेत टपरी लागते. कढई नेमकी त्याच वेळी तापलेली असते. टपरीवाला आवाज देतो, "गुरुजी, गरम हाय!" भाऊ म्हणतो, "आमच्या नसा मेल्या बापू, नाक नाई मेलं." रोज आम्ही तिथून रिकाम्या हातांनी जातो असे मी लिहिणार नाही. गेल्या महिन्यात दोनदा थांबलो. अर्धा-अर्धा खाल्ला. हिशेब तीन महिन्यांनी निघेलच.

परवा चिरंजीवांचा फोन आला. आवाज काळजीचा.

"बाबा, काय झालं? तब्येत बरी आहे ना? सव्वीस हजारांवरून एकदम अठराशे चाळीस?"

"हो," मी म्हणालो. "पण ही माझी आहेत."

"म्हणजे?"

त्याला समजावून सांगायला वेळ नव्हता. सालदार दारात उभा होता. लाईन पुन्हा रात्रीची झाली आहे. ओलिताला जाताना ते घड्याळ मिळेल का, विचारत होता. वेळ कळते म्हणाला, आणि अंधारात उजेडही पडते.